रडतोंडीच्या घाटातली कावड

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. पिठाच्या डब्यात पोरकिडे होतात तसे ते आपले आपण होतात. चार पोरं एका खोलीत कोंबायची, त्यांना एकाच खाणावळीचं पाणचट वरण वाढायचं आणि वर्षभर तसंच झाकून ठेवायचं. उघडून बघाल तेव्हा डबा वळवळत असतो!

आमचा डबा म्हणजे नाशिकच्या कॉलेजच्या होस्टेलमधली कोपऱ्यातली खोली. एकोणीसशे तीसनंतरचे दिवस. खोलीत आम्ही चौघं. नाना त्र्यंबकचा, घरी भिक्षुकी, शिकायला संस्कृत, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. उस्मान मालेगावच्या विणकराचा मुलगा, केमिस्ट्रीवाला, अंगात ताकद अशी की दार अडकलं तर उघडण्याऐवजी उचलून बाजूला ठेवील. भिका देवळ्याकडचा, घरी कांद्याची शेती, ताडमाड उंच आणि बोलायला कंजूष. चौथा मी, सिन्नरचा. माझी ओळख एका वाक्यात होते: मला चालायचा मनापासून तिटकारा आहे. तो जन्मापासून नव्हता. वणीच्या गडाला जाऊन आलो आणि जडला.

त्या चालण्यातले किस्से मी आजवर कितीतरी जणांना सांगितलेत. लोक हसतात, मीही हसतो. शेवटचा एक मात्र दर वेळी गिळून टाकतो. आज तुम्ही घरचीच माणसं आहात, तेव्हा तोही सांगून टाकतो.

* * *

पण आधी नानाच्या कानांबद्दल सांगायला हवं.

दसऱ्याला होस्टेलात श्रीखंड-पुरीचं जेवण असायचं. नाना सकाळपासून उपाशी राहून पोटात जागा करत होता. पानं मांडली, वाढप सुरू झालं आणि खिडकीखालून हाक आली, "नाना! अहो नाना! त्र्यंबकहून आलोय!"

नानानं खाली डोकावून पाहिलं. गावाकडचा माणूस, चेहरा पडलेला. नानाचे एक लांबचे चुलत आजोबा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, हे नानाला ठाऊक होतं.

नानानं दोन्ही कानांत बोटं घातली!

"बोलू नका!" तो खिडकीतून ओरडला. "एक अक्षर बोलू नका! विहिरीपाशी बसा, मी येतो!"

तो माणूस बिचारा विहिरीच्या कठड्यावर बसून राहिला. नाना जेवला. श्रीखंड दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा "पुरे, पुरे" म्हणत घेतलं. मग हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून तो सावकाश खाली गेला आणि म्हणाला, "हं, आता बोला."

ऐकलं, "अरेरे!" म्हणाला आणि तिथंच विहिरीवर अंघोळीला बसला.

संध्याकाळी आम्ही त्याला फैलावर घेतलं. तो जराही वरमला नाही. म्हणाला, "सुतक मरणानं लागत नाही, कळण्यानं लागतं. लांबच्या गावी असलेल्या माणसाच्या कानावर बातमी पडेपर्यंत तो शुद्ध. देवाला शिवू शकतो आणि श्रीखंडालाही."

"सख्ख्या आईबापाचं असलं तरी?" उस्माननं विचारलं.

"शास्त्र सगळ्यांना एकच!"

भिका हसून हसून खाटेवरून खाली पडला. एरवी ओठाच्या कोपऱ्यानं हसणारा माणूस, पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. कितीतरी दिवस तो नुसतं "हं, आता बोला" म्हणायचा आणि पुन्हा हसायला लागायचा.

* * *

दसऱ्याचं तोरण वाळतंय न वाळतंय तोच भिकाचे मामा आले. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. खोलीत खाट असून जमिनीवरच टेकले.

भिकाच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. हा झाला तेव्हा आईनं त्याचं नाव भिका ठेवलं, कुणाची नजर लागू नये म्हणून, आणि वणीच्या भगवतीला नवस बोलली: पोरगा जगला तर तो स्वतःच्या खांद्यावरून गंगेच्या पाण्याची कावड गडावर आणील. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पोरगा जगला. जगला, वाढला, मॅट्रिक झाला आणि कावड दर वर्षी पुढं ढकलली गेली. कधी परीक्षा, कधी कांद्याची लागण. आता आई तापानं पडली होती. वैद्य झाले, मालेगावचे डॉक्टर झाले, ताप उतरायचं नाव घेत नव्हता.

मामांनी तिचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "ती म्हनते, आधी गड, मंग घर. पानी घाल आन् तिथलं तीर्थ घेऊन ये. तवर मी कुठं जात नाय, सांगा त्याले."

मामांनी जाता जाता नियम बजावले: पायात काही घालायचं नाही, वाटेत खांदा बदलला तर चालेल पण गड त्यानंच चढायचा, आणि काही झालं तरी कावड जमिनीले टेकू द्यायची नाय.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघंही रजा मागायला सुपरिंटेंडंटसाहेबांपुढं उभे राहिलो.

"आई आजारी आहे सर," भिका म्हणाला.

"मग घरी जा. रजा मंजूर."

"घरी नाही सर. वणीच्या गडावर."

"आई गडावर आहे?"

"नाही सर, घरी आहे."

"मग घरी जा की!"

"आईनं आधी घरी येऊ नको म्हणून सांगितलंय."

साहेबांनी टाक खाली ठेवला. आमच्या तिघांकडे नजर फिरवली. "आणि ह्यांच्या आया?"

"आमच्या बऱ्या आहेत सर," उस्मान म्हणाला. "म्हणूनच ह्याच्याबरोबर जातोय."

साहेबांनी टाक पुन्हा उचलला. मग रजा दिली.

* * *

त्या वर्षी हस्त संपला तरी पाऊस हटेना. जाता जाता काहीतरी विसरल्यासारखा परत आला आणि ठाणच मांडून बसला. रामकुंडावर गेलो तेव्हा गंगा तांबडी होऊन पायऱ्यांवर आपटत होती. नानानं मंत्र म्हटले. भिकानं तांब्याच्या दोन लहान कळशा भरल्या, तोंडांना फडकी बांधली आणि बांबूच्या दोन टोकांना टांगल्या. परतताना तीर्थ आणायला एक छोटी गडवी त्यानं कमरेला बांधून घेतली.

आमच्यात छत्री एकच, उस्मानची. थोड्याच वेळात लक्षात आलं की फडक्यांतून पावसाचं पाणी कळशांत झिरपतंय. झालं! उस्मान छत्री घेऊन कधी पुढच्या कळशीवर धरी, कधी मागच्या. आम्ही चौघं नखशिखांत निथळत, अनवाणी, चिखलात आणि छत्री पाण्यावर!

दिंडोरीच्या रस्त्यावर एक मोटार आमच्या शेजारी येऊन हळू झाली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. खाली-वर निरखून पाहिलं.

"काय राव," तो म्हणाला, "पानी भिजू नये म्हनून छत्री धरली व्हय?"

आमच्यात एक संस्कृतचा, एक केमिस्ट्रीचा आणि लॉजिक घेतलेला मी, असे तिघं होतो. कुणालाच उत्तर सुचलं नाही.

पण भिका मात्र थांबला होता. त्याच्या डोक्यात आता तेच घोळायला लागलं. "नाना, निम्मं पावसाचंच झालं असेल. मग हे गंगेचं राहिलं का?"

त्याचा आवाज असा होता की मी चेष्टा करायला उघडलेलं तोंड मिटलं. नाना विचारात पडला. मग त्यानं उस्मानला विचारलं, "पाऊस कुठून येतो?"

"समुद्रातून."

"गंगा कुठं जाते?"

"समुद्रात."

"मग झालं तर! हे गंगेचंच पाणी. फक्त वरच्या रस्त्यानं आलंय!"

भिकानं खांदा सरळ केला आणि चालायला लागला. उस्मान माझ्या कानाशी पुटपुटला, "ह्याला आमच्या लॅबोरेटरीत येऊ देता कामा नये."

* * *

दिंडोरीपाशी एका शेतकऱ्याच्या पडवीत आसरा मिळाला. घरच्या बाईनं भाकरी आणि पिठलं पुढं केलं. पोटात वणवा पेटला होता, पण बसणार कसं? कावड टेकवायची नाही. बसलो की कळशा जमिनीला लागणार.

"आरं, टांगा की ती त्या मेढीला," बाई म्हणाली. "समदी तसंच करत्यात."

मी कावड टांगायला पुढं सरसावलो तोच नाना ओरडला, "थांब! मेढ कशात रोवलीय?"

"जमिनीत."

"म्हणजे मेढीला टांगलेली कावड जमिनीलाच टेकली!"

भिकानं कावड पुन्हा घट्ट धरली. त्याला आता कसलीच जोखीम नको होती. मग आम्ही पाळ्या लावल्या. एकानं कावड घेऊन उभं राहायचं, बाकीच्यांनी जेवायचं. उस्माननं पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि विचारलं, "नाना, आणि तुझे पाय कशावर आहेत?"

नानानं आपल्या पायांकडे पाहिलं. चिखलानं माखलेल्या पायांकडे तो इतका वेळ बघत राहिला की आम्हाला वाटलं आता हा सुटका करणार.

"मुकाट्यानं जेव," तो म्हणाला.

भिका कुणालाच कावड देईना. उभ्यानंच राहिला. शेवटी ती बाईच उठली आणि घास मोडून त्याला भरवू लागली. "कुनासाठी नेतोस रं?" तिनं विचारलं. "मायसाठी," तो म्हणाला. बाईनं आणखी एक भाकरी मोडली. रात्री मात्र त्यानं ऐकलं; तो, नाना आणि मी आळीपाळीनं कावड घेऊन त्या पडवीत भिंतीला टेकून, उभ्या उभ्या रात्र काढली. घोडे असे झोपतात म्हणे. त्यांना काय सुख मिळतं, देव जाणे.

* * *

वणीच्या अलीकडे ओढा आडवा आला. एरवी त्यात बकऱ्या पाय न भिजवता जातात. त्या दिवशी तो फेसाळत धावत होता.

उस्मान आत्तापर्यंत कावडीला शिवला नव्हता. कुणी शिवू नको म्हटलं नव्हतं आणि कुणी शीव असंही म्हटलं नव्हतं. तो आपणहून आमच्या पिशव्या वाही आणि छत्री धरी. ओढ्यापाशी भिकाचा खांदा सुजून लाल झालेला, म्हणून कावड नानानं घेतली. नाना किरकोळ. मध्यावर पोचला आणि त्याचा पाय दगडावरून सटकला!

भिकाच्या तोंडून नुसता आवाज निघाला, शब्द नव्हे. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

नाना गळ्यापर्यंत पाण्यात गेला. पण कावड गेली नाही. मागून उस्माननं छत्री तोंडात धरली, पिशव्या सोडून दिल्या आणि बांबूखाली आपला खांदा घातला. कळशा दोन वेळा हेलकावल्या आणि स्थिरावल्या. उस्मान तसाच पलीकडच्या काठावर चढला. कावड अजून त्याच्याच खांद्यावर.

सगळ्यांच्या नजरा नानाकडे वळल्या. नाना ओढ्यातून रांगत बाहेर आला. खोकला. कान झटकले.

"माझा चष्मा वाहून गेला," तो म्हणाला. "मला काही दिसलं नाही. कावड कुणी धरली?"

चष्मा त्याच्या नाकावरच होता.

"भिकानं धरली," मी म्हणालो.

"वाटलंच मला," नाना म्हणाला आणि धोतर पिळायला लागला.

पिशव्या वाहून गेल्या. त्यांतल्या दशम्या गेल्या, कोरडे कपडे गेले. कोरडे म्हणजे काय, कमी ओले.

* * *

वणी गावात शिरलो तेव्हा चौकात मोटार उभी होती. इंजिन चालू. कळवणकडे निघालेली. कळवणहून देवळा कितीसा लांब! पाणी रस्त्यावर यायच्या आत ही गाडी जाईल, मग रस्ता बंद, असं सगळे म्हणत होते. गडाच्या घाटातही दरड आलीय, कुणी वर चढत नाहीये, असंही म्हणत होते.

मी भिकाला बाजूला घेतलं. मी पार खचलो होतो. तळपायांची सालं निघाली होती. म्हणालो, "तू घरी जा. ऐक माझं. संध्याकाळपर्यंत आईपाशी असशील. कावड आम्ही तिघं वर नेतो. पाणी तेच, देवी तीच."

कावड माझ्या खांद्यावर देऊन भिका मोटारीकडे गेला. एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. एक पाय मोटारीत, एक पाय चिखलात. पाऊस त्याच्या तोंडावरून वाहत होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, चढ, चढ, चढ.

ड्रायव्हर वैतागला. "ए भाऊ! पूर्न बसनार का नुसता पायच धाडतोस देवळ्याला?"

मोटारीतले लोक हसले.

भिकानं पाय खाली घेतला. मोटार गेली. माझ्याजवळ येऊन त्यानं कावड परत घेतली आणि म्हणाला, "ती म्हटलीय, तोवर मी कुठं जात नाही. मी आधीच गेलो तर ती मोकळी होईल."

मला त्याचा राग आला. त्याच्या आईचाही आला, खोटं कशाला बोलू! अंथरुणावर पडल्या पडल्या पोराला असल्या बोलीत बांधून घालतं का कुणी? पण बोलून उपयोगही नव्हता, मोटार वळणाआड गेली होती.

* * *

वणीहून गडावर चढणाऱ्या वाटेला रडतोंडीचा घाट म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण तो पावसात चढलेला असणार.

प्रत्येक पायरीवरून पाणी कोसळत होतं. ढग खाली उतरले होते, पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसे. मधेच पायऱ्या संपत आणि नुसती घसरलेली माती लागे. तिथं आम्ही हातांनी चढायचो. भिकाला हात मोकळे नव्हते. दोन्ही हातांनी बांबू धरून, अनवाणी, तो त्या मातीत पायाची बोटं रुतवत चढे आणि उस्मान त्याच्या कमरेला मागून रेटा देई. कमरेची गडवी दर पावलाला किणकिणत होती.

वाऱ्यानं छत्री उलटी केली, कापड फाडून नेलं. उस्मान उरलेल्या काड्या कळशीवर धरून चालतच राहिला.

"टाक की आता ती!" मी ओरडलो.

"असू दे," तो म्हणाला. "हाताला सवय झालीय."

नाना खालपासून देवीचं स्तोत्र म्हणत होता. अर्ध्यावर त्याचे दात इतके वाजायला लागले की शब्दच फुटेनात. तो थांबला तेव्हा मला खरी भीती वाटली. नाना कशानंही गप्प बसत नसे.

एका वळणावर मी बसलो. बसलो कसला, पडलोच. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. त्या क्षणी मला स्वच्छ दिसत होतं की आम्ही कुठंच पोचणार नाही. पाणी पोचणार नाही, ती बाई वाचणार नाही, आणि चार पोरं ह्या डोंगरात कशापायी मेली हे कुणाला समजणारही नाही. मी म्हणालो, "तुम्ही जा. मी इथंच मरतो."

भिका थांबला. वरच्या पायरीवर कावड घेऊन उभा राहिला. त्याला बसता येत नव्हतं.

"तू बस," तो म्हणाला. "मी उभा राहतो."

आणि खरंच उभा राहिला! घाई त्याला, आई त्याची मरणाला टेकलेली, आणि हा माणूस माझं रडून होईपर्यंत उभा. असं कुणी समोर उभं असताना रडायचं तरी किती! मी नाक पुसलं आणि उठलो.

* * *

शेवटचा चढ राहिला होता. वरच्या ढगातून एक माणूस काठी टेकत उतरताना दिसला. आम्हाला आनंद झाला, दोन दिवसांत वरून खाली येणारा हा पहिलाच माणूस.

जवळ आला तेव्हा ओळखलं. भिकाचे मामा. देवळ्याकडून पलीकडच्या वाटेनं गडावर येऊन ते आम्हाला गाठायला खाली उतरत होते. डोक्यावर लाल फेटा नव्हता. उघडं डोकं, केस कपाळाला चिकटलेले.

भिका जागच्या जागी थबकला.

मामांनी त्याला पाहिलं. "भिका," ते म्हणाले. "भिका, तुझी माय..."

"मामा, थांबा!" भिका ओरडला. इतक्या मोठ्यानं तो कधी बोलला नव्हता. "काही सांगू नका! एक अक्षर सांगू नका!"

भिकानं मान वळवली. "नाना, माझे हात गुंतलेत. माझे कान झाक."

नाना जागचा हलेना.

"झाक ना, नाना! लवकर!"

नाना दोन पायऱ्या चढून त्याच्यामागं गेला. भिका उंच, नाना बुटका. हात वर ताणून, चवड्यांवर उभं राहून त्यानं भिकाच्या दोन्ही कानांवर तळवे दाबले. आणि भिका चालायला लागला. पुढं कावड घेतलेला भिका आणि त्याच्यामागं, एक पायरी खाली, हात वर केलेला नाना. भिकानं पाऊल टाकलं की नानानं टाकायचं. घसरला तरी हात सोडायचा नाही.

मामा आमच्याबरोबर मागून चालू लागले. जे सांगायचं होतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. वारा एवढा होता की त्यांना ओरडून सांगावं लागलं. मी ऐकलं, उस्माननं ऐकलं. दोन पावलं पुढं नानानंही ऐकलं. त्याच्या चष्म्यावरून पाण्याची धार लागली होती आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

वर पोचलो. उस्मान छत्रीच्या काड्या घेऊन पायरीशीच थांबला. आम्ही आत गेलो. पुजाऱ्यानं कळशा उतरवून घेतल्या आणि ह्या दोघांकडे पाहिलं.

"ह्याला काय झालंय? कान दुखतायत का?"

नानाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर ठाऊक असे. त्यानं नुसते तळवे आणखी घट्ट दाबले.

"घाला पानी, देवा," मामा म्हणाले. "तुमी पानी घाला."

पुजाऱ्यानं दोन्ही कळशा देवीला घातल्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. भिका टक लावून बघत होता. मग त्यानं कमरेची गडवी सोडली आणि तीर्थासाठी पुढं केली. पुजाऱ्यानं ती भरून दिली. भिकानं तिच्या तोंडाला फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि गडवी छातीशी धरली.

"झालं, नाना," तो म्हणाला. "काढ आता हात."

नाना हात काढेना.